नऊ टक्के आणि एक ‘येतो’

तजवीजराव हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात कोणत्या भागाचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ते काम ते इतक्या निष्ठेने करत की लोकांच्या बादल्या कोरड्या राहिल्या तरी कागदावर पाणी कधी कमी पडलं नाही. कुणी तक्रार घेऊन आलं की ते शांतपणे म्हणत, "तजवीज केलेली आहे." कार्यालयाने त्यावरून नाव ठेवलं, शेजाऱ्यांनी ते उचललं, आणि पुढे बायकोसुद्धा रागावली की तेच वापरू लागली.

अशा माणसाने विजेवरची गाडी घेतली यात नवल ते काय? पेट्रोलच्या गाडीत ठरवायला काही उरतच नाही. टाकी भरली, किल्ली फिरवली, निघालं. विजेच्या गाडीने लांब जायचं तर कुठे थांबायचं, किती टक्क्यांवर पोचायचं, किती टक्क्यांवर निघायचं, तिथली गन मोकळी असेल का, नसेल तर पुढची किती लांब, असा सगळा संसार मांडावा लागतो. गन म्हणजे चार्जिंगची जाडजूड वायर आणि तिच्या टोकाचं नळीसारखं तोंड. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांची आई घाबरून आतल्या खोलीत गेली होती. तजवीजरावांना मात्र हे सगळं इतकं आवडलं की गाडी आल्यावर कितीतरी दिवस त्यांनी ती फारशी चालवलीच नाही, नुसते प्रवास ठरवले.

मग एक खराखुरा प्रवास समोर येऊन उभा राहिला.

त्यांची बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून तिचं मनगट असं तयार झालं होतं की पन्नाशी उलटल्यावर तिने सहज म्हणून टेबल टेनिसची बॅट हातात घेतली, आणि पाहता पाहता तिच्या सर्व्हिसला कॉलेजातली पोरंही बिचकू लागली. पन्नाशीपुढच्या बायकांच्या स्पर्धेत ती एकेक फेरी जिंकत थेट फायनलला गेली. यातली एकही फेरी तजवीजरावांनी पाहिली नव्हती. एकदा ते परतीचा रस्ता ठरवत बाहेर गाडीत बसून राहिले. एकदा कार्यालयाचा व्हॉल्व्ह अडकला. एकदा हॉलच्या दारापर्यंत गेले, पण गाडी सावलीत नाही हे त्यांच्या मनाला खात राहिलं. ती सावलीत लावून परतले तेव्हा लोक टाळ्या वाजवून थांबले होते. बायकोने काही म्हटलं नाही. काही न म्हणणं हे तिचं सगळ्यात जड हत्यार होतं.

"फायनलला मी पहिल्या रांगेत असेन," ते म्हणाले.

"कबूल नका करू," ती म्हणाली. "तुम्ही कबूल केलंत की मला खेळताना सारखं तिकडे बघावं लागतं."

हे तजवीजरावांना लागलं. इतकं लागलं, की त्यांनी त्याच दिवशी कबूल केलं.

फायनल दूरच्या शहरात होती. दुपारी तीनपर्यंत टेबलापाशी हजर राहायचं, नाहीतर समोरचीला न खेळताच विजय. त्याला खेळाडूंच्या भाषेत ‘पुढे चाल’ म्हणतात. बायको म्हणाली, आपण ट्रेनने जाऊ. तजवीजरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं बिस्किटं घेऊन आलेल्या पाहुण्याकडे हलवाई पाहतो. "ट्रेन स्टेशनवर सोडते," ते म्हणाले. "मी हॉलच्या दारात सोडतो."

"पण पोचू ना?"

"तजवीज केलेली आहे."

ही बातमी जिन्यात पोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे मॅनेजरकाका बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळायची सवय सुटत नसल्याने दुसऱ्यांच्या बॅटऱ्या सांभाळत. ते म्हणाले, "ऐंशीच्या वर चार्ज करायची नाही. बॅटरी सुजते. आणि विसाच्या खाली उतरू द्यायची नाही. बॅटरी खचते." म्हणजे शंभराची गाडी घ्यायची आणि साठच वापरायची; आपल्याच घरात भाडेकरूसारखं राहावं तसं. समोरचा दातांचा डॉक्टर पेट्रोलवाला. तो रोज सकाळी आपल्या गाडीचा आवाज उगाच मोठा करून जाई. त्याने फक्त एवढंच सांगितलं, "अडकलात तर फोन करा. माझ्याकडे दोरी आहे."

त्या दोरीपायी तजवीजरावांना दोन रात्री झोप नव्हती.

आता घरच्या चार्जिंगची गोष्ट. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगमध्ये प्लग बसवण्याचा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं होतं, वीज कुणाच्या मीटरची? तजवीजराव म्हणाले, माझ्या. मग वायर कुणाच्या भिंतीवरून येणार? भिंत तर सगळ्यांची. यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला, तो अजून तिथेच आहे. तोवर तजवीजरावांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली, भिंतीला कुठेही न चिकटता, अधांतरी. तिचं बटण मिक्सरशेजारी होतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीला वायर लावली, बटण दाबलं, दिवा लागलेला तीन वेळा खाली जाऊन पाहिला आणि समाधानाने झोपले.

सकाळी गाडीने अठ्ठावन्न टक्के दाखवले.

तजवीजरावांनी चष्मा पुसला. गाडी आपल्या मतावर ठाम होती. ते धावत वर गेले. मिक्सरशेजारचं बटण बंद होतं.

"मीच केलं," आई म्हणाली. "झोपताना सगळी बटणं बघते मी. तुझ्या वडिलांपासूनची सवय आहे. चालू बटण ठेवून झोपणारं हे घर नाही."

लहानपणी हेच वाक्य ऐकून तजवीजराव शहाणे झाले होते. बायको बॅटची पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ट्रेन?" ती म्हणाली.

"ती गेली असेल," ते म्हणाले. गेली नव्हती. पण ती पकडली असती तर दातांच्या डॉक्टरासमोरून रिक्षाने जावं लागलं असतं.

तर असे तिघे निघाले. पुढे तजवीजराव आणि आई, मागे बायको. आईला घरी ठेवायचं असं ठरलं होतं, पण सुनेची फायनल बघितल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही असं तिने सांगितल्यावर कोण काय बोलणार?

गाडी शहराबाहेर पडताच तजवीजरावांनी एसी बंद केला. एसी वीज खातो. मग काचा वर केल्या, कारण मॅनेजरकाकांच्या मते उघड्या काचेतून वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो. मग बायकोचा फोन चार्जिंगवरून काढला. आई पदराने वारा घेत म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की इडलीचं भांडं?" तजवीजराव बोलले नाहीत. बोलण्याने वीज जात नाही हे त्यांना माहीत होतं, तरी धोका कशाला.

ट्रक त्यांना मागे टाकून जात होते. एक ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून काळजीने पाहिलं. काट्यावर टक्के उतरत होते, आणि रस्ता मात्र तितका उतरत नव्हता. मागच्या सीटवर बायको बॅटवर चेंडू हलकेच उडवत होती. टक, टक, टक. ती घाबरली की असं करते, हे तजवीजरावांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या गाडीत पहिल्यांदा कळलं. त्यांना म्हणावंसं वाटलं, घाबरू नकोस, मी आहे. पण तेच तर भीतीचं कारण होतं.

वाटेत एक हॉटेल लागलं. बाहेर चार्जिंगची एक गन, आणि तिला लागलेली एक गाडी. गाडीचा मालक आत जेवत होता.

"थांबू या," बायको म्हणाली. "जेवून येईल तो."

"एकच गन आहे," तजवीजराव म्हणाले. "त्याचं जेवण, मग आपलं चार्जिंग. पुढे चार गनचं स्टेशन आहे. चार. मी हिशेब केलाय, तिथे आपण नऊ टक्क्यांवर पोचतो."

"नऊ?"

"नऊ म्हणजे पुष्कळ."

"काका म्हणाले विसाच्या खाली—"

"काका बँकेत होते," तजवीजराव म्हणाले, आणि गाडी पुढे काढली. चार गनचा मोह असा होता. हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे शाळेत सगळेच शिकतात. पण पळतं चार असलं की माणूस जातोच.

आणि ते बरोबर नऊ टक्क्यांवर पोचले. हे सांगायलाच हवं. आयुष्यात त्यांचं एखादं गणित इतकं तंतोतंत आलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे वळून पाहिलं. ती खिडकीतून त्या चार गनांकडे बघत होती.

पहिल्या यंत्रावर प्लॅस्टिक गुंडाळलेलं होतं. ते अजून सुरू व्हायचं होतं. दुसरं सुरू होऊन बंद पडलेलं होतं. तिसऱ्याचं तोंड वेगळ्याच गाडीचं होतं, ते कसंही फिरवलं तरी बसेना. चौथं धडधाकट होतं. त्याच्यावर हिरवा दिवा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘कार्ड दाखवा’.

कार्ड तिथल्या माणसाच्या गळ्यात होतं. तो स्कूटरला पाय लावून, डोक्यावर हेल्मेट चढवून निघण्याच्या बेतात होता.

"साहेब, कार्ड जरा," तजवीजराव म्हणाले.

"आता मशीन माझ्या नावावरून उतरलंय, हे कार्ड चालायचं नाही," तो म्हणाला. "बघतो. चला, येतो मी." आणि तो गेला.

तजवीजराव गाडीपाशी आले. "येतोय तो," त्यांनी सांगितलं.

"गेला की तो," बायको म्हणाली.

"येतो म्हणालाय."

आई सीटवर सावरून बसली. "अरे, घरी जाताना माणूस येतोच म्हणतो. जातो कोण म्हणतं? तू कार्यालयातून निघताना काय म्हणतोस?"

"मी येतो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी येतो," तजवीजराव म्हणाले. "आणि तो ‘बघतो’ही म्हणालाय. बघतो आणि येतो. दोन्ही."

आता वाचक म्हणेल, असा कसा हा माणूस? ‘येतो’ म्हणजे निघालो, हे मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळतं. मिळतं, पण नऊ टक्क्यांवर उभ्या असलेल्या माणसाला कोणताही शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने घ्यावासा वाटतो. एरवी तजवीजरावांचं सगळं आयुष्य शब्दावर चाललेलं होतं. पाणी सोडलंय म्हटलं की सोडलंय. तो आता येणार, कुठूनतरी दुसरं कार्ड घेऊन येणार, असं त्यांनी स्वतःच्या मनात इतकं पक्कं बसवलं की ते रस्त्याच्या कडेला जाऊन स्कूटरची वाट बघू लागले. प्रत्येक स्कूटर त्यांना तीच वाटे. एका स्कूटरला तर त्यांनी हात केला. ती बाई थांबलीही, आणि तिला काय विचारायचं हे न सुचल्याने त्यांनी किती वाजले ते विचारलं. तिने सांगितलं. ते ऐकून ते आणखी दोन पावलं रस्त्यात सरकले.

बायको गाडीतून उतरली. पिशवी तिच्या खांद्याला होती. रस्त्यापलीकडे एक बस येऊन थांबत होती. तिच्या पाटीवर त्याच शहराचं नाव होतं.

"अगं, एवढ्यात येईल तो," तजवीजराव म्हणाले. "दहा मिनिटं. बस सगळीकडे थांबत जाते. मी हिशेब—"

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "तुमच्या हिशेबात मी कुठे बसते ते एकदा सांगा. पुढच्या सीटवर की मागच्या?"

तजवीजरावांनी तोंड उघडलं. उत्तर खरं तर सोपं होतं, पण ते त्यांच्या आराखड्यात कुठेच नव्हतं.

"जाते मी," ती म्हणाली.

त्यांच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. दळण आणायला जातानाही ‘येते’, रात्रपाळीला जातानाही ‘येते’. भांडून माहेरी गेली होती तेव्हासुद्धा ती ‘येते’ म्हणूनच गेली होती, आणि म्हणूनच आली होती.

"अगं, येते म्हण," आई गाडीतून म्हणाली. पण तोवर बायको रस्ता ओलांडून बसमध्ये चढली होती. बस निघाली. तजवीजराव तिच्या मागच्या काचेकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. गाडीपायी नव्हे, हे लिहायला हवं; गाडीची त्या क्षणी त्यांना आठवणही नव्हती.

थोड्या वेळाने दुसरा एक माणूस सायकलवरून आला. त्याच्याही गळ्यात कार्ड होतं.

"तो येतोय ना?" तजवीजरावांनी विचारलं.

"कोण, आधीचा? त्याची ड्यूटी संपली. उद्या येईल."

"तो मला येतो म्हणाला."

"बरोबर आहे," कार्डवाला म्हणाला. "जाताना म्हणाला असेल."

आई पदराने वारा घेत राहिली. तिचा तो मोठेपणा.

कार्डवाल्याने कार्ड दाखवलं, यंत्र घुमू लागलं, गन लागली. नऊ. नऊ. नऊ. मग दहा. तजवीजरावांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचं मन आपोआप हिशेबाला लागलं: शहरापर्यंत इतके टक्के, म्हणजे इतका वेळ, म्हणजे साधारण फायनल संपता संपता. पुन्हा टाळ्या वाजवून थांबलेले लोक. पुन्हा तिचं काही न म्हणणं. आणि या वेळी कदाचित ती हॉलमधून घरी येतानाही ‘येते’ म्हणणार नाही.

शेजारच्या पंपावर एक टेम्पो हवा भरून घेत होता. त्यात गाद्या होत्या, एकावर एक, छतापर्यंत. ड्रायव्हरला शहरात जायचं होतं.

"आई," तजवीजराव म्हणाले, "टेम्पोत चढता येईल तुला?"

"गाडी?"

"राहू दे इथेच."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते पहिलीत पहिले आले होते तेव्हा पाहिलं होतं. मग ती टेम्पोत चढली. तजवीजरावांनी आणि कार्डवाल्याने तिला वर ढकललं आणि ड्रायव्हरने ओढलं. तजवीजराव मागे गाद्यांच्या आणि छताच्या मधल्या फटीत आडवे झाले. कार्डवाल्याकडे त्यांनी आपला नंबर दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काय होणार याची काहीही तजवीज न करता ते प्रवासाला निघाले. नाकात कापूस जात होता. एकदा फोन वाजला; दातांचा डॉक्टर होता. "कुठवर आलात?" त्याने विचारलं. "मजेत, आडवा पडून चाललोय," तजवीजराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. टेम्पोवाला पेट्रोलपेक्षाही जुन्या कुठल्यातरी इंधनावर चालवत असावा, इतका धूर येत होता; पण तो कुठेही थांबला नाही. वाटेत त्यांनी गाद्यांच्या फटीतून एका थांब्यावर उभी असलेली बस पाहिली. ती तीच होती की दुसरी, हे कळायच्या आत ती मागे पडली.

हॉलच्या दारात ते उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर कापूस होता आणि आईच्या हातात ड्रायव्हरने दिलेली एक लहान उशी. आत टेबलापाशी निळ्या टीशर्टातली एक उंच बाई हात ताणत होती. दुसरी बाजू रिकामी होती.

पंच बाई शिट्टी गळ्यात घालून खुर्चीकडे निघाल्या होत्या. "दोनदा नाव पुकारलं," त्या तजवीजरावांना म्हणाल्या. "आता तिसऱ्यांदा पुकारते. नसतील तर पुढे चाल."

"आहे ती. म्हणजे येतेय."

"कुठवर आल्यात?"

बस कुठवर आली, हे तजवीजरावांना ठाऊक नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी कुठल्या नळाला केव्हा पाणी येईल ते सांगितलं, त्यांना आपली बायको कुठे आहे हे सांगता येईना.

"‘येते’ म्हणालीय," ते म्हणाले.

त्यांनी आईकडे पाहिलं नाही. आईनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"येते म्हणजे?" पंच बाई म्हणाल्या. "निघते या अर्थी, की पोचते या अर्थी?"

येण्याच्या अर्थाचा हा वाद त्या दिवशी दुसऱ्यांदा निघत होता. पंच बाई खुर्चीपाशी पोचल्या आणि थबकल्या. खुर्चीत आई बसली होती, उशी पाठीला लावून.

"जरा टेकते हं," आई म्हणाली. "गाद्यांच्या टेम्पोतून आले. कमरेत कळ आली."

"आजी, ही पंचांची खुर्ची आहे."

"हो का? बाई, मला वाटलं म्हातारीची." आणि ती हलली नाही. पंचांना उभ्याने सामना घेता येतो की नाही, यावर नियमात काय आहे हे बघायला संयोजक धावले. ते धावले तोवर एक जण पाणी घेऊन आला. आई ते घोट घोट प्यायली. निळी बाई समजूतदार होती. ती हात ताणत राहिली. आईने तिला विचारलं, किती मुलं गं तुला? निळ्या बाईने सांगितलं. मग आईने त्यांची वयं विचारली.

पंच बाईंनी शेवटी शिट्टी तोंडात घेतली. तजवीजराव दाराकडे बघत होते. एकटक बघून दारातून माणूस येत असता, तर त्यांच्या कार्यालयात सगळे वेळेवर आले असते. तरी ते बघत राहिले. त्यांनी मनाशी कबूल केलं की ती आली आणि हरली तरी चालेल, फक्त येऊ दे.

ती आली. पळत आलेली होती, बूट हातात होते, केस कपाळाला चिकटले होते. दारात ती थांबली. तिने रिकामं टेबल पाहिलं, पंचांच्या खुर्चीतली सासू पाहिली, आणि पहिल्या रांगेत डोक्यावर कापूस घेऊन उभा असलेला नवरा पाहिला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "आधी?"

"टेम्पोने," तजवीजराव म्हणाले. "मागच्या सीटवर. म्हणजे सीट नव्हती."

"आणि गाडी?"

"तिथेच आहे."

ती काही म्हणाली नाही. पण हे काही न म्हणणं वेगळं होतं. तजवीजरावांना त्यातला फरक कळला. तिने बूट घातले, घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. आईने खुर्ची सोडली, तेव्हा तिची कळ थांबलेली होती. बायको टेबलाकडे निघाली, दोन पावलं गेली आणि वळली.

"येते हं," ती म्हणाली.

"ये," आई म्हणाली.

निळी बाई समजूतदार होती, पण खेळताना नव्हती. पहिला गेम तिने घेतला. दुसरा बायकोने. तिसरा निळीचा, चौथा बायकोचा. पाचव्यात चेंडू जाळीला लागून कधी अलीकडे पडे, कधी पलीकडे, आणि तजवीजरावांच्या हातातलं घड्याळ घामाने ओलं झालं. आपली बायको इतकी चपळ आहे, इतकी रागीट आहे, चेंडू परतवताना खालचा ओठ दातात धरते, हे सगळं तीन फेऱ्यांत आपण पाहिलं नाही, याचं त्यांना आता खरंखुरं दुःख झालं. ते पुढे सरकून खुर्चीच्या टोकावर बसले. दोघींचे गुण बरोबरीत आले. सर्व्हिस बायकोची होती.

खिशात फोन थरथरला. त्यांनी काढून कानाला लावला.

"साहेब, कार्डवाला बोलतोय," आवाज आला. "गाडी शंभर झाली तुमची. गन अडकलीय, तुमच्या किल्लीशिवाय सुटत नाही, मागे तीन गाड्या उभ्या आहेत. काढायला येताय ना?"

टेबलापाशी बायकोने चेंडू तळहातावर ठेवला आणि एकदाच, क्षणभर, पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"हो, हो," तजवीजराव हळूच म्हणाले. "येतो."

आणि फोन बंद करून ते पुन्हा तिच्याकडे बघू लागले.